मागील पानावरून पुढे चालू : ‘ड्युरँगो किड’ चित्रपटमालिका कशी झिजत गेली

१९५२ साली अमेरिकेत ‘द किड फ्रॉम ब्रोकन गन’ नावाचा एक छोटा वेस्टर्न चित्रपट लागला. लांबी तासाभराच्या आतच. एका माजी मुष्टियोद्ध्यावर खुनाचा आरोप आहे, कोर्टात खटला उभा आहे, नायक आणि त्याचा गंमत्या सोबती त्याच्या मदतीला आले आहेत. साक्षीदार येतो, आठवू लागतो, आणि पडद्यावर त्याची आठवण सुरू होते. घोडे, धूळ, पिस्तुलं, पाठलाग. मग पुन्हा कोर्ट. पुन्हा आठवण. पुन्हा कोर्ट.

मी व्यवसायाने संकलक आहे. चित्रपट पाहताना कथा एका डोळ्याने आणि जोड दुसऱ्या डोळ्याने बघायची सवय लागली आहे. हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा थोड्याच वेळात थांबवून मागे गेलो. कोर्टातली प्रतिमा स्वच्छ होती, आठवणीतली जरा भरड, काळं जास्त काळं आणि पांढरं जास्त पांढरं. उजेडाची दिशा वेगळी. घोड्यांच्या हालचालीत जो जोम होता तो कोर्टातल्या माणसांत कुठेच नव्हता. त्या आठवणी या चित्रपटासाठी चित्रित केलेल्याच नव्हत्या. काही वर्षांपूर्वीच्या, याच मालिकेतल्या चित्रपटातून त्या उचलल्या होत्या. कोर्टाचा सगळा खटाटोप जुनं फुटेज टांगायला खुंट्या हव्यात म्हणून होता.

‘ड्युरँगो किड’ मालिकेचा हा शेवटचा, पासष्टावा चित्रपट. स्वस्तातली मालिका स्वस्तच असणार, तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, असं म्हणून हे प्रकरण बाजूला सारता येतं. मला ते पटत नाही, कारण सुरुवातीच्या वर्षांत बेताच्याच पैशांत याच लोकांनी अतिशय चांगलं काम केलं होतं.

मालिका काय होती

कोलंबिया पिक्चर्सने १९४० साली ‘द ड्युरँगो किड’ नावाचा एकच चित्रपट काढला. दिग्दर्शक लॅम्बर्ट हिलियर, नायक चार्ल्स स्टॅरेट. चित्रपट आला आणि गेला, पाच वर्षं कोणी त्याकडे वळून पाहिलं नाही. मग १९४५ मध्ये ‘द रिटर्न ऑफ द ड्युरँगो किड’ आला, आणि तिथून १९५२ पर्यंत स्टॅरेटने दुसरं काही केलंच नाही. ६४ चित्रपट, म्हणजे वर्षाला सरासरी आठ-नऊ.

ढाचा एकदा ठरला तो ठरला. गावात एक शांत, सभ्य, उंच माणूस येतो. त्याचं नाव बहुतेक वेळा स्टीव्ह, आडनाव मात्र दर चित्रपटात नवं. गावातला कुणी प्रतिष्ठित माणूस आतून गुंडांची टोळी चालवत असतो. स्टीव्ह साध्या घोड्यावरून खडकाआड जातो आणि बाहेर पडतो तो ड्युरँगो किड होऊन : काळा शर्ट, काळी हॅट, नाकापासून हनुवटीपर्यंत काळा रुमाल, आणि खाली पांढराशुभ्र घोडा, रेडर. काळ्या-पांढऱ्या चित्रपटात ही रंगसंगती फार कामाची होती. लांबच्या शॉटमध्ये, संध्याकाळच्या उजेडात, डोंगराच्या पार्श्वभूमीवरसुद्धा मुलांना आपला माणूस कोणता ते तत्काळ कळायचं.

स्टॅरेट जन्माने सुखवस्तू होता. मॅसेच्युसेट्समधल्या अथॉल गावी १९०३ साली जन्मलेला, डार्टमथ कॉलेजात फुटबॉल खेळलेला. त्याच्या आजोबांनी १८८० साली मोजमापाची हत्यारं बनवणारा कारखाना काढला होता. टूलरूममध्ये काम केलेल्यांना स्टॅरेटचा मायक्रोमीटर सांगायला नको. हा त्याच घरातला मुलगा. नोकरीच्या गरजेपोटी तो घोड्यावर बसला नव्हता, त्याला ते काम आवडत होतं, आणि पडद्यावर ते दिसतं. चेहऱ्यावर एक नैसर्गिक मोकळेपणा, बोलण्यात संथपणा. कोलंबियात १९३५ पासून त्याचे वेस्टर्न येत होते, त्यामुळे ड्युरँगोचा रुमाल कायमचा बांधला तेव्हा चाळिशी ओलांडलेला हा नट या कामात चांगलाच मुरलेला होता.

चांगले दिवस

१९४५ ते १९४८ च्या आसपासचे चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहतो. कथा साध्या, खर्च कमी, पण त्यांत जीव आहे. बहुतेकांचं दिग्दर्शन रे नाझारोचं. त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : तासाभराच्या चित्रपटात माणूस बसून बोलायला लागला की प्रेक्षागृहातली मुलं एकमेकांना कोपरं मारायला लागतात. म्हणून त्याच्याकडे संवादसुद्धा उभ्याउभ्या, चालताना, घोडा बांधताना होतात. सुरुवातीच्या काही चित्रपटांत बॉब विल्स आणि त्याचा टेक्सस प्लेबॉइज हा वाद्यवृंद आहे. ही त्या काळची खरोखर मोठी मंडळी. कथा थांबवून ती गाणं म्हणतात, पण गाणं कानाला सुख देणारं असतं.

१९४६ पासून सोबतीला स्मायली बर्नेट आला. याआधी रिपब्लिक कंपनीत जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉय नायकाचा जोडीदार म्हणून तो घरोघरी पोचला होता. गाणी स्वतः रचायचा, हाताला लागेल ते वाद्य वाजवायचा. त्याच्या घोड्याच्या एका डोळ्याभोवती काळं कडं होतं, तेवढ्यानेच मुलं हसायला लागत. स्टॅरेट अबोल, हा बडबड्या. जोडी जमली.

पण त्या वर्षांची खरी दौलत म्हणजे रुमालाआडचा दुसरा माणूस. ड्युरँगोच्या धावपळीची कामं बऱ्याचदा स्टॅरेट करत नसे, ती करायचा जॉक माहोनी. युद्धात मरीन दलात वैमानिक असलेला, सहा फुटांहून उंच, अंगाने मांजरासारखा. सज्जातून उडी मारून तो थेट खोगिरावर उतरायचा. मागून धावत यायचा, घोड्याच्या पुठ्ठ्यावर हात टेकायचे आणि पुढच्या क्षणी तो स्वार. या उड्या बघताना माझं लक्ष कॅमेऱ्याकडे जातं. कॅमेरा स्थिर असतो, लांबून पाहत असतो, आणि मधे तुकडा नसतो. धावणं, उडी, बसणं, निघणं, सगळं एका दमात. हल्ली अशा उडीसाठी सहा तुकडे जोडतात. इथे एकच आहे, कारण माणूस ते खरंच करत होता आणि बघणाऱ्याला ते कळावं अशी नाझारोची इच्छा होती.

चित्रण बऱ्याचदा लॉस एंजेलिसच्या बाहेर, चॅट्सवर्थजवळच्या आयव्हर्सन रँचवर व्हायचं. तिथले गोल, भले मोठे खडक हजारो वेस्टर्न-प्रेमींना तोंडपाठ आहेत. जागा स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून स्वस्त. पण उघड्यावरचं ऊन, वारा, घोड्याच्या टापांखालून उठणारी खरी धूळ फुकटात मिळत होती, आणि नाझारोने ती भरपूर वापरली.

पैशाचं गणित

घसरण कधी सुरू झाली याचं एकच साल सांगता येत नाही. १९४९ च्या सुमारास चित्रपट अंगाने सुकायला लागल्यासारखे वाटतात, आणि १९५० नंतर तर हाडं दिसतात. कारण समजायचं तर हे चित्रपट विकले कसे जायचे ते पाहावं लागेल.

मोठ्या चित्रपटाचं भाडं तिकीट-विक्रीच्या टक्क्यांवर ठरायचं. शनिवार दुपारच्या खेळासाठी किंवा एका तिकिटातल्या दोन चित्रपटांपैकी दुसरा म्हणून जाणाऱ्या लहान चित्रपटाला थिएटरवाला ठरीव रक्कम द्यायचा. चित्रपट अप्रतिम निघाला तरी तेवढेच, सुमार निघाला तरी तेवढेच. म्हणजे कमाईला वरून झाकण. नफा वाढवायचा तर एकच वाट, खर्च कमी करा. महायुद्धाच्या काळात आणि लगेच नंतर थिएटरं भरलेली होती, तोवर हे चाललं. १९४६ हे अमेरिकन चित्रपटगृहांचं सर्वांत गर्दीचं साल मानतात. त्यानंतर प्रेक्षक घटायला लागले आणि मजुरी, सामान, जनावरं, सगळ्यांचे भाव मात्र चढत गेले.

त्यात १९४८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंविरुद्ध निकाल दिला. खटल्यातल्या आठ कंपन्यांत कोलंबियाही होती. हवा असलेला मोठा चित्रपट पाहिजे तर आमचे लहानही घ्या, अशी एकगठ्ठा विक्री त्या निकालाने बंद झाली. लहान चित्रपटांना ढकलणारा हात निघून गेला. आणि दूरचित्रवाणीवर १९४९ च्या जूनमध्ये एनबीसी वाहिनीने हॉपलाँग कॅसिडी, सप्टेंबरात एबीसीने लोन रेंजर, असे काउबॉय नायक सुरू केले. काळा मुखवटा घातलेला, पांढऱ्या घोड्यावरचा नायक मुलांना आता घरच्या घरी, बिनतिकिटाचा दिसायला लागला. ड्युरँगो किडला दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं.

आणखी एक गोष्ट खुद्द कोलंबियाच्या आवारात घडली. १९४७ मध्ये जीन ऑट्री आपली स्वतःची निर्मितीसंस्था घेऊन तिथे आला. त्याचे चित्रपट लांब, नीटस, दोन तर रंगीत. स्टुडिओच्या वेस्टर्न खात्यात ज्याच्यावर खर्च करावा असा माणूस आता वेगळा होता. स्टॅरेटची मालिका उरली ती वेळापत्रक भरून काढायला. निर्माता कोल्बर्ट क्लार्कच्या हातात तारखा होत्या, पैसे नव्हते. मी त्याला दोष देत नाही. वर्षाला आठ चित्रपट ठरल्या दिवशी पोचवायचे आणि दर वर्षी हात आखडता घ्यायचा, असं सांगितल्यावर माणूस काय करणार? दात कोरून पोट भरत नाही हे त्यालाही ठाऊक असणार.

रुमालाची सोय

आता प्रकरणाच्या गाभ्याशी येतो. वेस्टर्न चित्रपटात सगळ्यात महाग काय? पाठलाग. बाहेरगावी जायचं, पंधरा-वीस घोडे न्यायचे, त्यांचे राखणदार, धावते शॉट घेणारी कॅमेरा-गाडी, पडणारे-झडणारे स्टंटवाले, आणि ढग आले की सगळे बसून. त्याउलट स्टुडिओतली कचेरी, दारूचा गुत्ता, तुरुंगाची कोठडी हे सेट आधीच उभे. दोन माणसं उभी केली की दिवसाला ढीगभर पानं उरकतात.

जुना पाठलाग नव्या चित्रपटात घालायची युक्ती सगळेच स्टुडिओ करत. पण तिला मर्यादा असते. नायक जाडावतो, केस विरळ होतात, कपडे बदलतात, प्रेक्षकाला कळतं. ड्युरँगो किडच्या बाबतीत ही मर्यादाच नव्हती. त्याचा चेहरा झाकलेला. पोशाख पहिल्यापासून शेवटपर्यंत काळाच. घोडा पांढराच. १९४६ मधला ड्युरँगो आणि १९५१ मधला ड्युरँगो यांत लांबून फरक करायला काही जागाच नाही. ज्या रुमालामुळे माहोनीला उडी मारता आली, मालिकेला तिचं सगळ्यात मोठं सुख मिळालं, त्याच रुमालामुळे ती उडी पुन्हा पुन्हा वापरता आली आणि नवी उडी मारायची गरज संपली.

सुरुवातीला हे बेताने होतं. पाठलागातला एक तुकडा, दरोड्याचा एक शॉट. मग प्रमाण वाढलं आणि एक वेळ अशी आली की पटकथाच जुन्या फुटेजभोवती लिहिली जाऊ लागली. उत्तरार्धातले बरेच चित्रपट बॅरी शिपमनने लिहिले आहेत. मूक चित्रपटांच्या काळात स्वतःच्या हिमतीवर चित्रपट काढणाऱ्या नेल शिपमनचा हा मुलगा, चांगल्या हातोटीचा लेखक. पण लेखकाला आधी कपाटातलं सामान दाखवून मग गोष्ट लिहायला सांगितली की गोष्टीची दिशा उलटी होते. पात्राने काय करावं हे पात्रावरून ठरत नाही, कपाटात काय आहे त्यावरून ठरतं.

हे मी अंगावरून गेलेलं सांगतो. काही वर्षं मी एका रोजच्या मराठी मालिकेवर काम केलं. भाग बावीस मिनिटांचा हवा आणि चित्रीकरण हातात यायचं पंधरा मिनिटांचं. एकदा नायिकेला खिडकीशी उभं केलं, दूर बघायला लावलं, आणि दोन वर्षांपूर्वीचा गौरी-गणपतीचा प्रसंग आठवण म्हणून जोडून दिला. भाग वेळेवर गेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या काकूंनी अडवलं. “अरे, ते मोत्यांचे डूल तिने नवऱ्याच्या धंद्यासाठी गहाण टाकले होते ना? मग आज कानात कसे?” मी म्हटलं, काकू, ती आठवण होती. त्या म्हणाल्या, “मग आजचं काय दाखवलंत?”

ड्युरँगोच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांतल्या चित्रपटांना मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो. वेळ भरून निघाला आहे, घोडे पळत आहेत, गोळ्या सुटत आहेत, पण आजचं असं काही घडत नाही. नायक कुणाला तरी जुनी हकिकत सांगत बसतो किंवा कुणाची ऐकत बसतो. आठवणीतला धोका हा धोका नसतो. जो माणूस समोर बसून सांगतो आहे तो त्यातून वाचला हे उघड आहे. शनिवारच्या खेळाला आलेल्या मुलाला खुर्चीच्या टोकाला आणणारी जी एकच गोष्ट या चित्रपटांकडे होती, तीच आतून पोकळ झाली.

हार्डिसनचे दोन चेहरे

यातला सगळ्यात बोलका दाखला ‘बोनँझा टाउन’ या १९५१ च्या चित्रपटाचा. १९४७ मध्ये ‘वेस्ट ऑफ डॉज सिटी’ नावाचा चित्रपट येऊन गेला होता. त्यात हेन्री हार्डिसन नावाचा खलनायक होता आणि ती भूमिका फ्रेड सीअर्सने केली होती. सीअर्स तेव्हा कोलंबियात पडेल ते काम करणारा माणूस. नट म्हणून उभा राहायचा, शिकत राहायचा. १९४९ पासून त्याच्याकडे दिग्दर्शन आलं आणि मालिकेच्या उत्तरार्धातले अनेक चित्रपट त्याने केले. ‘बोनँझा टाउन’ही त्याचाच. आणि त्यात हार्डिसन पुन्हा आहे, सीअर्सच पुन्हा आहे, १९४७ च्या चित्रपटातलं फुटेजही पुन्हा आहे.

थोडं थांबून या माणसाची जागा बघावी. कॅमेऱ्यामागे उभा राहून तो स्वतःच्याच चार वर्षांपूर्वीच्या चेहऱ्याशी आजचा चेहरा जुळवतो आहे. जुना शॉट नाझारोने घेतलेला, पैसे होते तेव्हाचा. नवा शॉट त्याला स्वतःला घ्यायचा आहे, पैसे नाहीत तेव्हाचा, आणि तो जुन्याला शोभेल असा घ्यायचा आहे. संकलनाच्या टेबलावर हे काम फार जाचक असतं. पोशाख जुळतो, हॅट जुळते, मिशी जुळते. उजेड जुळत नाही. जुन्या निगेटिव्हवरून प्रत, प्रतीवरून पुन्हा निगेटिव्ह असा प्रवास झालेल्या फिल्मची धार जाते, मधल्या करड्या छटा गळतात. नव्या चित्रणाशेजारी ती ठेवली की डोळा अडखळतो.

तरी सीअर्सने हे निष्काळजीपणे केलेलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. जुना खलनायक परत आणण्यामागे त्याला एक खरी कथा दिसली होती : ज्याला संपलेला समजलो तो जिवंत आहे, आणि नायक त्याच्या मागावर आहे. फुटेज वापरायचंच आहे तर त्याला कथेत हक्काची जागा देऊ, नुसता ठिगळ म्हणून नको, असा हा प्रयत्न आहे. घसरत्या वर्षांत इतकं डोकं कमी चित्रपटांत लावलेलं दिसतं. म्हणून या चित्रपटाला मी वाईट म्हणत नाही. पण तो बघताना सतत जाणवतं, की याच दिग्दर्शकाला थोडे दिवस जास्त आणि एक खराखुरा पाठलाग मिळाला असता तर काय झालं असतं.

स्मायली बर्नेटचं दुखणं वेगळं. सुरुवातीला त्याचा विनोद कथेत गुंतलेला होता. तो चुकीच्या वेळी चुकीच्या जागी जायचा आणि त्यातून काहीतरी घडायचं. पुढे पुढे त्याचे प्रसंग सुटे होत गेले. कधी न्हावी, कधी वैदू, कधी दुकानदार, स्वतःच्या कोपऱ्यात धडपडायचं, एक गाणं म्हणायचं आणि जायचं. सेटवरचा एकटा माणूस स्वस्त पडतो. पाच मिनिटं भरून निघतात. इतक्या गुणी माणसाचा असा भरावासारखा उपयोग बघताना मला मनापासून वाईट वाटतं.

एक युक्तिवाद स्टुडिओच्या बाजूनेही करता येतो. १९४६ मध्ये आठ वर्षांचा मुलगा १९५१ मध्ये तेरा वर्षांचा झालेला असतो, त्याने काउबॉय सोडून दिलेले असतात, नव्या मुलाने जुनं काही पाहिलेलंच नसतं. हिशेब बिनचूक आहे. पण शनिवारचे खेळ म्हणजे धाकट्याला घेऊन थोरला जातो, आणि थोरल्याची आठवण काकूंइतकीच पक्की असते.

बाकीचे काय करत होते

कोलंबियाची ही सवय एकट्या ड्युरँगोपुरती नव्हती. ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रिकुटाचे छोटे विनोदपट तिथेच बनत. पन्नाशीच्या दशकात त्यांतही जुनी दृश्यं सर्रास शिरली. त्रिकुटातला शेंप हॉवर्ड १९५५ च्या नोव्हेंबरात वारला, तर उरलेले चार विनोदपट जुनं फुटेज आणि चेहरा लपवणारा एक बदली नट घेऊन पूर्ण केले. चेहरा झाकला की माणूस बदलता येतो, हा धडा स्टुडिओने इतका गिरवला की मेलेल्या माणसावरही चालवला. मला ते बघवत नाही.

हॉपलाँग कॅसिडीची मालिकाही झिजली, पण तिची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. ६६ चित्रपट. १९४४ पर्यंतचे ५४ हॅरी शर्मनने काढले, मोकळ्या माळावर, डोंगरांत, देखणं छायाचित्रण असलेले. त्याने हात काढून घेतल्यावर नायक विल्यम बॉइडने स्वतः निर्मिती अंगावर घेतली आणि १९४६ ते १९४८ मध्ये १२ चित्रपट काढले. सगळ्यांचा दिग्दर्शक जॉर्ज आर्चेनबो. खर्च कमी, घोडदौड कमी, घरातल्या रहस्यांवर भर. पहिल्या चित्रपटांच्या शेजारी ते फिके आहेत. पण बॉइडने होतं नव्हतं ते विकून जुन्या चित्रपटांचे हक्क मिळवले आणि दूरचित्रवाणीकडे वळला. तिथे त्याने अख्ख्या देशाला वेड लावलं. मालिकेचं मालकीपण नटाच्या हातात होतं, म्हणून तिला दुसरा जन्म मिळाला. ड्युरँगो किडवर स्टॅरेटचा असा कोणताच हक्क नव्हता. तो पगारी नायक होता.

कोलंबियाला दुसरा मार्ग होता का? माझ्या मते होता. आठऐवजी वर्षाला चार चित्रपट, त्याच पैशांत. चार खरे पाठलाग, माहोनीच्या चार नव्या उड्या. पण आठ तारखा भरायच्या हे वरून ठरलेलं होतं, आणि चित्रपट चांगला काढल्याबद्दल थिएटरवाला एक पैसाही जास्त देणार नव्हता. अशा व्यवस्थेत चार काढा म्हणणारा माणूस टिकत नाही.

नंतर

१९५२ मध्ये करार संपला आणि स्टॅरेट थांबला. एकोणपन्नास वर्षांचा होता. घरची स्थिती उत्तम, कुणापुढे हात पसरायची गरज नव्हती. तो पुन्हा चित्रपटात आला नाही. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या बोरेगो स्प्रिंग्ज इथे वारला. बर्नेट १९५३ मध्ये ऑट्रीच्या शेवटच्या सहा चित्रपटांत जुन्या मित्राशेजारी पुन्हा उभा राहिला. पुढच्याच वर्षी स्वस्त वेस्टर्न मालिकांची अख्खी परंपराच आटोपली. सीअर्स भराभर चित्रपट करत राहिला आणि १९५७ मध्ये, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला.

माहोनीला मात्र रुमालाबाहेर चेहरा मिळाला. मालिकेच्या शेवटच्या वर्षांत तो स्वतःच्या नावाने पडद्यावर दिसू लागला होता. ‘ब्रोकन गन’मधला आरोपी मुष्टियोद्धा तोच. त्याच सुमारास ऑट्रीच्या कंपनीने त्याला ‘द रेंज रायडर’ या दूरचित्रवाणी मालिकेचा नायक केलं, आणि पुढे तो टारझन झाला. १९६२ चा ‘टारझन गोज टू इंडिया’ भारतात चित्रित झाला, सोबत आपले फिरोज खान आणि सिमी गरेवाल. तो टारझन लहानपणी पाहिलेले आजही भेटतात. हाच माणूस काळ्या रुमालाआड पाच-सहा वर्षं घोड्यांवर उड्या मारत होता, हे त्यांना सांगितलं की चकित होतात.

गेल्या वर्षी संकलन शिकणाऱ्या काही मुलांना मी ‘द किड फ्रॉम ब्रोकन गन’ दाखवला. आधी काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, कुठे काही खटकलं तर हात वर करा. कोणी प्रतिमेचा पोत पकडेल, कोणी सावल्या, असं मला वाटत होतं. पहिला हात एका मुलीचा वर गेला, पहिल्याच आठवणीवर.

“काय दिसलं?” मी विचारलं.

“सर, दिसलं असं काही नाही,” ती म्हणाली. “पण इथे सगळ्यांना कुठेतरी पोचायचंय. कोर्टात कोणालाच कुठे जायचं नव्हतं.”